चाळीस ग्रॅम

पहिलं विमान मी तिला मुद्दाम शहाणं करून दिलं होतं.
पंख दोन्हीकडून जरा उचललेले,
कुणी काही विचारल्यावर खांदे उडवावेत, तसे.
दांडी सोडून दिली तरी
डुलत, डगमगत, आपोआप सरळ व्हायचं.

दोन उन्हाळे पिह्ला त्यावर शिकली.
बहिणीची नात, चौदा वर्षांची,
हातमोज्यांची बोटं कात्रीनं छाटून टाकणारी.
नोव्हेंबरात सायमा सरोवर काठाकाठानं गोठू लागलं
तेव्हा ते काखेत मारून तळघरात उतरली.
"तौनो, हे मला पडूच देत नाही."
तक्रार होती ती.
मला आधी कळलंच नाही.

कागद-गिरणीत पस्तीस वर्षं
यंत्र थांबू नये याचाच पगार घेतला मी.
चालत्या वस्तूला करवत लावायला हात धजत नाही.
म्हटलं, नवं बांधू.
म्हणाली, हेच.
पालथ्या घड्यावर पाणी.

कापलं मधोमध.
आतून माझाच प्लायवूडचा जोड निघाला,
त्यावर पेन्सिलीनं: तीन अंश.
खाली तिचं नाव, त्यातला ह गाळलेला.
तिनं ह घातला, नीट वळणदार,
आणि जोड शेगडीत टाकला.

मग हिवाळा. तीनलाच दिवा.
कॉफीत बाल्साचा भुसा, भुवयांवर बाल्साचा भुसा.
कणा तोच ठेवला, फासळ्या नव्या,
वरून जशी फुगवटी तशीच खालून.
पंखाला आता पाठ नाही, पोट नाही.
ते फक्त रंगावरून ओळखायचं:
वर तांबडा, खाली काळे-पांढरे पट्टे.
पट्ट्यांवरून तिनं आईची इस्त्री फिरवली,
फिल्म चुरचुरत ताणली गेली,
आणि इस्त्रीला लागलेला काळा डाग
आम्ही दोघांनीही घरी सांगितला नाही.

टाकीत मऊ नळी, नळीच्या टोकाला पितळी गोळी.
विमान कसंही लोळो,
गोळी घरंगळत जाते जिकडे इंधन असेल तिकडे.
खाली म्हणजे कुठे,
एवढ्या सगळ्या सामानात आता तिलाच ठाऊक.

दोन बोटांवर तोललं तेव्हा नाक झुकलं.
नाकात शिसं होतं, मीच चिकटवलेलं,
जुन्या जाळ्याचे मणी ठोकून केलेलं,
भित्र्या माणसाचं चाळीस ग्रॅम.
छिन्नीनं खरवडून काढलं.
"आता हे स्वतःहून काहीच सावरणार नाही," मी म्हणालो.
"हो ना," ती म्हणाली. केवढ्या आनंदानं!

मार्चात बर्फ अजून दीड वीत जाड.
चाकांच्या जागी छोट्या पट्ट्या, स्कीसारख्या.
एरंडेलाचा वास, इंजिनाची किंचाळी,
भोकाशी गळ टाकून बसलेल्या ऑय्वानं
कानटोपी खाली ओढून घेतली.

एक गिरकी. एक मोठं वर्तुळ,
खालच्या बाजूला थोडं चपटं.
मग अर्धी गिरकी, आणि तिथेच थांबली.
उताणं.
काळे-पांढरे पट्टे आभाळाकडे.

नाक हळूहळू बर्फाकडे कलायला लागलं.
उताण्याला वर न्यायचं तर दांडी पुढे ढकलायची,
सगळं उलटं.
हे मी तिला शंभरदा सांगितलं होतं.
स्वतः एकदाही केलं नव्हतं.
खिशात माझा अंगठा
आपसूक मागे ओढला गेला,
काहीतरी गार, कडक त्याच्याखाली आलं.

तिनं ढकललं.

ऑय्वाच्या डोक्यावरून गेलं ते, उताणंच,
कमरेला गुदगुल्या केल्यासारखं एकदा थरथरत,
आणि पार पलीकडच्या देवदारांपर्यंत
एका उंचीवर, रेघ मारल्यासारखं.
ऑय्वाचा मासा सुटला.
ऑय्वा काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

उतरताना एक पट्टी मोडली.
परतीच्या वाटेवर ती बोलतच होती,
सुकाणू अजून रुंद हवं, दोन बोटं तरी,
कुशीवर उडवायचंय, एकाच पंखावर, सबंध सरोवरभर.
मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही.

घरी येऊन कोट खुंटीला अडकवला.
एका अंगानं झुकला.
दोनदा सरळ केला.
पुन्हा झुकला.